टिपणिसांचं तिसरं हँडल

माझ्या गॅरेजात हँडल बदलायला आलेल्या माणसाला मी आधी गाडीवरून उतरवून स्टुलावर बसवायचो. मग सांगायचो, "डोळे मिटा. आता दोन्ही हात पुढे करा, आपोआप येतील तसे." नवं गिऱ्हाईक असेल तर ते घाबरायचं. एकाने तर डोळे मिटून हात जोडले आणि अंगारा कधी लावतात याची वाट बघत बसला.

पण हा जादूटोणा नव्हता, ती माझी मापं घ्यायची रीत होती. शिंपी छाती मोजतो, तसे मी हात मोजायचो. डोळे मिटलेल्या माणसाचे हात हवेत जिथे थांबतील तिथे हँडलच्या मुठी आल्या पाहिजेत, असं मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं. "हाथ जिधर गिरे, उधर हँडल रख," एवढंच ते म्हणायचे आणि पुन्हा पान लावायला बसायचे. त्यांच्याकडे सात वर्षं काढून मी मिरा रोडच्या हाटकेश भागात गाळा घेतला तेव्हा तिथे माणसांपेक्षा मिठागरं जास्त होती. मग इमारती उगवल्या, मुंबईतून माणसं आली आणि त्यांच्यामागे त्यांच्या मोटरसायकली आल्या.

वाचकांपैकी ज्यांनी कधी मोटरसायकल चालवली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हँडल म्हणजे एक वाकवलेला पाईप, बाकी काही नाही. पण त्या पाईपावर माणसाची मनगटं, खांदे, मान आणि पाठ अशी सगळी मंडळी टांगलेली असतात. हँडल इंचभर पुढे असलं तर स्टेशनपर्यंत जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तोच माणूस दिवसाला तीनशे किलोमीटर जायला निघाला की तो इंच बरोबर पाठीत शिरतो. आणि हँडल बदलायचं म्हणजे नुसता पाईप बदलून भागत नाही. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर यांच्या केबली त्या मापाच्या कराव्या लागतात, नाहीतर हँडल वळवलं की केबल ओढली जाते आणि गाडी आपल्या मनाने पळायला लागते.

मला माझ्या कामाचा भारी गर्व होता. लांब जाणारे लोक ठाण्याहून, वसईहून माझ्याकडे यायचे. एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नाही, हे मी ज्याला त्याला सांगायचो. टिपणीस येईपर्यंत ते खरंही होतं.

टिपणीस एका सरकारी कचेरीत होते. गिरगावातली खोली सोडून मिरा रोडला दोन खोल्यांत आले होते. पंचेचाळिशी उलटलेली, अंगाने गोल, बोलायला मोजके. त्यांच्याकडे बुलेट होती आणि त्या बुलेटवर बायकोला मागे बसवून कन्याकुमारीला जायचं, असं त्यांनी लग्नात कबूल केलं होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. गाडी घ्यायलाच पंधरा गेली. त्यानंतर तीन वेळा ते निघाले आणि तीनही वेळा टिपणिसांची पाठ धरली. पहिल्या वर्षी पनवेलला, दुसऱ्या वर्षी खोपोलीला, तिसऱ्या वर्षी खंडाळ्याला. प्रगती होती, नाही असं नाही. पण या हिशेबाने कन्याकुमारी गाठायला त्यांना आणखी शंभरेक वर्षं लागली असती.

"मिस्त्री," ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ही दिवाळी शेवटची. हिने सांगितलंय, या वेळी पोचलो नाही तर गाडी विकायची. तळमजल्यावरचे एक जण घ्यायला तयार बसलेत. रोज जिन्यात भेटले की माझी सोडून गाडीची तब्येत विचारतात."

"पोचाल," मी म्हटलं. "बसा स्टुलावर."

पण ते स्टुलावर बसेनात. त्यांनी खिशातून एका परदेशी मासिकातलं पान काढलं. त्यात एक दाढीवाला गोरा माणूस मोटरसायकलवर बसला होता आणि त्याचं हँडल त्याच्या कानाच्याही वर गेलं होतं. वरच्या बर्थला लोंबकळल्यासारखा तो त्याला लटकला होता. टिपणिसांना तसलं हँडल हवं होतं. त्या माणसाची पाठ ताठ आहे, म्हणजे दुखत नसणार, असं त्यांचं म्हणणं. मी परोपरीने सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. गिऱ्हाईक शेवटी गिऱ्हाईक.

माझ्या शेजारच्या गाळ्यात जयंतीभाई घडीच्या खुर्च्या बनवायचे. पाईप वाकवायचं मशीन त्यांच्याकडे होतं. पाईप मात्र मी माझा न्यायचो, चांगला जाड. खुर्चीचा पाईप हँडलला चालत नाही. जयंतीभाईंनी ते उंच हँडल वाकवलं, उभं धरलं आणि विचारलं, "मिस्त्री, आ शूं छे? इसमें झूला लगाने का है क्या?"

दर रविवारी मी लांब जाणाऱ्या गिऱ्हाइकाला समुद्रकाठच्या उत्तनपर्यंत चालवायला न्यायचो. रस्त्यात चढ, उतार, वळणं, खड्डे सगळं होतं, त्यामुळे दुखणं लगेच बाहेर यायचं. टिपणीस पुढे, मागे त्यांची पत्नी आणि त्यांच्या मागे माझ्या गाडीवर मी, अशी आमची वरात निघाली. टिपणीस वहिनी टेलिफोन ऑपरेटर होत्या. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जुळवून द्यायच्या. बाई मोठी बोलकी. गाडी सुरू झाल्यापासून त्या नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या, ते मला मागून दिसत होतं.

टिपणिसांचे हात वर, शर्ट अर्ध्या बाहीचा. समुद्रावरचा वारा दोन्ही बाह्यांतून आत शिरला आणि टिपणीस फुगायला लागले. उत्तनच्या वळणाला मेरीबाय नावाची कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिने हातातलं काम टाकलं आणि वहिनींना हाक मारली.

"अगो बाय, तुज्या नवऱ्यानं काय केलाय? पोलिसान धरलाय काय? हात वर करून चाललाय!"

टिपणिसांना उत्तर द्यायचं होतं, पण हातांना मुंग्या आल्या होत्या. गाडी थांबल्यावरही हात खाली येईनात. मी आणि वहिनींनी एकेक हात धरून खाली आणला. हँडल नंबर एक निकालात निघालं.

"आता माझ्या रितीने," मी म्हटलं. मनातून मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. दुसऱ्याचं चुकलं की आपलं बरोबर ठरतं, असं मला तेव्हा वाटायचं.

गॅरेजात टिपणीस स्टुलावर बसले, डोळे मिटले, हात पुढे केले. हात खाली आले, पोटाच्या जरा वर, एकमेकांच्या अगदी जवळ. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. मला आश्चर्य वाटलं. इतकं अरुंद, इतकं जवळ हँडल मी आजवर कुणाला केलं नव्हतं. पण उस्तादांचा शब्द होता. तीन वेळा हात करायला लावले, तीनही वेळा तिथेच. मी मापं घेतली आणि जयंतीभाईंकडे गेलो. त्यांनी पाईप वाकवला आणि म्हणाले, "अब ये तो बच्चे की साइकिल का हो गया."

"आप खुर्ची देखो," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी टिपणीस खूश होते. "फार ओळखीचं वाटतंय," ते म्हणाले. सरळ रस्त्याला गाडी छान चालली. मीही मागून मान डोलवत होतो. मग उत्तनचं वळण आलं. टिपणिसांनी हँडल वळवलं, उजवी मूठ मागे आली आणि त्यांच्या पोटात रुतून बसली. हँडल तिथेच अडलं. रस्ता वळला, टिपणीस वळले नाहीत. ते सरळ मेरीबायच्या बांबूंच्या काठ्यांत गेले आणि वाळत घातलेले बोंबील दोघांच्या अंगावर तोरणासारखे पडले.

लागलं कुणालाच नाही, वेग बैलगाडीचा होता. मेरीबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यो तोच हाय न?" ती मला म्हणाली. "हात वर व्हतं तवा बरा व्हता. खाली केलं त माज्या बोंबलान घुसला! तुमी लोक घरी बसा रं!"

आम्ही बोंबील वेचून दिले, मोडलेले विकत घेतले. वहिनी केसांतून एक बोंबील काढत होत्या. दोन दिवसांनी दिवाळीची सुट्टी सुरू व्हायची होती. इतका वेळ बोलणारी बाई परतताना एक शब्द बोलली नाही.

आम्ही तिथून थेट गॅरेजात आलो. वहिनी म्हणाल्या, "मिस्त्री, मूळ हँडल लावून द्या. गाडी विकायची आहे."

टिपणीस खाली बघत होते. मी म्हटलं, "वहिनी, एकदा अजून बघू. चूक माझी असेल."

"चूक कुणाचीच नाही. मी चौथ्यांदा बॅग भरली आहे. तीन वर्षं ती मी पूर्ण रिकामीसुद्धा केली नाही, कुठे परत परत भरायची म्हणून. आता रिकामी करते." हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी मूळ हँडल शोधायला लागलो. पण माझा जीव राहीना. मी टिपणिसांना म्हटलं, "साहेब, शेवटचं एकदा स्टुलावर बसा. डोळे मिटा. हात पुढे करा." त्यांनी केले. तेच, पोटाच्या वर, जवळ जवळ. या वेळी मी मापपट्टी न घेता नुसता बघत राहिलो. त्यांची बोटं जराशी हलत होती.

वहिनी पुढे आल्या. "हे काय चाललंय?"

"मापं घ्यायची माझी रीत आहे ही. डोळे मिटले की हात आपल्या सोयीच्या जागी जातात."

"सोयीच्या कसल्या?" त्या म्हणाल्या. "हे मशीनवर बसलेत. पंचवीस वर्षं टायपिंग करतात. डोळे मिटले आणि पुढ्यात कुणी साहेब उभा राहिला की यांचे हात टाइपरायटरवरच जाणार."

टिपणिसांनी डोळे उघडले. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. डाव्या हाताने हवेतल्या हवेत ओळ संपवून त्यांनी टाइपरायटरचा गाडा मागे सारला, तेव्हा त्यांनाही पटलं. त्यांची पाठ ऑफिसात रोजच दुखायची, हेही आत्ता कळलं. मी त्यांना तीच खुर्ची बुलेटवर करून दिली होती.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एका टिपणिसांचा प्रश्न नव्हता. स्टुलावर बसवून, समोर उभं राहून 'डोळे मिटा' म्हटल्यावर कोण सैल बसतो? डॉक्टरसमोर जीभ काढावी तशी माणसं माझ्यासमोर हात काढत होती. कोण जाणे, किती लोकांना मी त्यांच्या ऑफिसचं, दुकानाचं, यंत्राचं हँडल लावून दिलं. तक्रार घेऊन कुणी आलं नाही याचं कारण कदाचित एवढंच, की ती पाठदुखी त्यांच्या सवयीची होती. उस्ताद तेव्हा हयात नव्हते, नाहीतर मी जाऊन त्यांच्याशी भांडलो असतो. ते पुन्हा पान लावायला बसले असते.

मी निमूटपणे मूळ हँडल लावायला घेतलं. काम तासाभराचं. वहिनी दारात उभ्या होत्या. टिपणिसांनी माझ्या बाकड्यावरचा सकाळचा पेपर उचलला, उघडला आणि त्याच स्टुलावर बसून वाचायला लागले.

केबल सोडून झाली, पाईप उतरला, दुसरा चढला. मी मान वर केली तर टिपणीस तसेच. पाठ ताठ, खांदे सैल, कोपरं किंचित वाकलेली, दोन्ही मुठींत पेपराच्या दोन कडा. स्टुलाला पाठ टेकायला काही नव्हतं आणि माणूस पाऊण तास इंचभर हलला नव्हता.

"वहिनी," मी हळूच म्हटलं, "यांची पाठ दुखत नाहीये."

"पेपर वाचताना कधीच दुखत नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी सहाला बसतात ते नऊपर्यंत. फोडणी जळाली तरी हलत नाहीत. मी समोर बसून घरातलं सगळं सांगते, आतून 'हं' येतं."

माझ्या हातातला पाना खाली पडला. उघडलेल्या पेपराची रुंदी आणि लांब जायच्या गाडीच्या हँडलची रुंदी जवळजवळ एकच असते, हे मला वीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मी रोज पेपर वाचत होतो!

"हलू देऊ नका त्यांना!" मी ओरडलो आणि जाड तार आणायला धावलो. एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत तार वाकवायला लागलो. टिपणीस दचकले आणि पान उलटायला गेले.

"पान उलटू नका!"

"अहो, पण याचा पुढचा भाग सातव्या पानावर आहे."

"मनगट हलेल!"

"मिस्त्री, मजकूर अर्धा राहिलाय."

शेवटी वहिनी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. खांद्यावरून वाकून, नवऱ्याची मूठ हलू न देता, त्यांनी आतलं पान अलगद सरकवून सातव्या पानावरचं त्यांना वाचून दाखवलं. कुठल्याशा तलावातला गाळ काढण्याबद्दल होतं. टिपणीस "हं, हं" म्हणत होते. मी खाली गुडघ्यांवर बसून मुठीचा कोन तारेत उतरवत होतो. आवाज ऐकून जयंतीभाई आले आणि दारातच थबकले.

"मिस्त्री, इधर क्या चल रहा है? पूजा है क्या?"

"जयंतीभाई, मशीन चालू करो."

"आज रविवार छे!"

"मग तुमच्या खुर्च्यांवर कोण बसणार, या बाईंची गाडी विकली गेली तर?" या बोलण्याला काही अर्थ नव्हता, पण मी इतक्या तळमळीने बोललो की जयंतीभाईंनी जाऊन मशीन चालू केलं.

संध्याकाळी तिसरं हँडल चढलं. रुंद, छातीपेक्षा थोडं खाली, मुठी किंचित आत वळलेल्या. केबली नव्या मापाच्या केल्या. हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघितलं, कुठे ओढ नाही, पोटाला स्पर्श नाही. उजेड होता तोवर उत्तनला जाऊन आलो. वळण आलं, टिपणीस सुरेख वळले. मेरीबाय आम्हाला बघून बोंबलांच्या आड उभी राहिली होती, ती बाहेर आली.

"आता माणसावानी दिसतंय," ती म्हणाली. "पर ह्याला रस्ता दिसतो का न्हाय? पेपर वाचल्यावानी बसलाय."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना गाडीवरून उतरावं लागलं. बॅग रिकामी करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

ते गेले त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. पनवेलला पोचले असतील, खोपोली आली असेल, असं मी मनात मोजत होतो. गॅरेजात फोन नव्हता, मी त्यांना जयंतीभाईंचा नंबर दिला होता. जयंतीभाईंच्या गाळ्यात घंटी वाजली की मी हातातलं सोडून दारात जायचो. ते प्रत्येक वेळी "नहीं, खुर्ची का है," असं म्हणून मला परतवायचे. आठव्या दिवशी ते स्वतः धावत आले. "मिस्त्री! कन्याकुमारी!" मी फोन घेतला. तिकडून टिपणीस म्हणाले, "पोचलो." मी विचारलं, "पाठ?" ते म्हणाले, "हं." आणि फोन ठेवला.

दिवाळीनंतर दोघं गॅरेजात आले. टिपणीस बाहेर जयंतीभाईंना गाडी दाखवत थांबले. वहिनींनी पेढ्यांचा पुडा दिला. मी विचारलं, "काय म्हणते सफर?"

"काय म्हणणार? जाऊन येऊन तीन-साडेतीन हजार किलोमीटर मी बोलले. बावीस वर्षांचं साठलेलं सगळं बोलले. आणि हे?"

"काय म्हणाले?"

"हं."

माझा चेहरा उतरला. पेपराचं माप घेतलं, त्यात पेपराचा स्वभावही आला की काय, असं मला वाटलं. मी म्हटलं, "वहिनी, हँडल बदलून देऊ का?"

"हात लावाल तर खबरदार," त्या म्हणाल्या. मग बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत बोलल्या. "घरी मी पेपराच्या त्या बाजूला बसते ना. बावीस वर्षं मला पेपराचं मागचं पान दिसतं आणि खाली दोन पाय. गाडीवर मधे पेपर नव्हता, मी यांच्या बाजूला होते. 'हं' म्हणताना यांची मान हलते हो. एकदा, बंगळूरच्या पुढे, मी माझ्या आईचं काहीतरी सांगत होते, तर यांनी गाडी बाजूला घेऊन डोळे पुसले. हे सगळं ऐकत असतात, हे मला माहीतच नव्हतं."

मी एक पेढा तोंडात टाकला.

त्यानंतर मी कुणालाच डोळे मिटायला लावलं नाही. गिऱ्हाईक आलं की स्टूल द्यायचो, पेपर द्यायचो, चहा सांगायचो आणि माझ्या कामाला लागायचो. तासाभराने चोरून मापं घ्यायचो. पेपर न वाचणाऱ्यांना आणखी काहीबाही करायला लावायचो. एका आचाऱ्याला परात धरायला दिली होती आणि त्याचं हँडल फार छान झालं.

गाळा विकून आता बरीच वर्षं झाली. येताना मी फक्त ते स्टूल घरी आणलं आणि माझ्या खुर्चीला लावून ठेवलं. सकाळी मी पेपर उघडला की बायको त्यावर येऊन बसते, माझ्या बाजूला. ती बोलत असते, मी मान हलवतो. पेपर काही माझा वाचून होत नाही.